पायी चालणाऱ्यांचा हिरवा

खराडीच्या चौकातल्या सिग्नलचा प्रोग्राम अपेक्षाने लिहिला होता. महिन्याभराने ती तिथून जात होती, तर पादचाऱ्यांचा दिवा लाल तो लालच. आयटी पार्कात साफसफाई करणाऱ्या बायका जीव मुठीत धरून गाड्यांमधून पळत होत्या. एकीचा पदर मोटरसायकलच्या हँडलला अडकून फाटला आणि मोटरसायकलवाला वर तिलाच शिव्या देऊन गेला.

अपेक्षाचं डोकं तापलं. ती तडक ऑफिसात जाऊन आपल्या साहेबांपुढे उभी राहिली.

"सर, पादचाऱ्यांचा हिरवा कोणी काढला?"

"मी काढला," चेतन सर म्हणाले. "गाड्यांची रांग पार्कच्या गेटापर्यंत जायची. तिथून सारखे फोन येत होते."

"पायी चालणाऱ्यांकडे आपला नंबर नसेल."

"टोमणे मारू नकोस. बस जागेवर."

ती बसली नाही. लॅपटॉप आणि केबल घेऊन ती परत चौकात गेली, कंट्रोलरची पेटी उघडली आणि आपला जुना प्रोग्राम चढवला. थोड्या वेळाने पादचाऱ्यांचा दिवा हिरवा झाला, गाड्या थांबल्या, हॉर्नचा नुसता कालवा झाला. बायकांचा विश्वासच बसेना. "चला, तुमचाच आहे," अपेक्षा म्हणाली, तेव्हा त्या निघाल्या.

तेवढ्यात सरांचा फोन आला. "उद्यापासून येऊ नकोस."

"बरं," म्हणून तिने फोन ठेवला.

संध्याकाळी तो दिवा पुन्हा लाल तो लालच. सकाळी अपेक्षा वाहतूक पोलिसांच्या कचेरीत तक्रार घेऊन बसली होती. पोलीस साहेब उशिरा येतील, असं शिपायाने सांगितलं.

"येऊ देत," ती म्हणाली. "मला आता कुठे जायचंय?"