आप्पांच्या आवाजामागचा डबा

मी पॉवर सप्लाय बोलतोय. थांबा, नाव ऐकून लगेच तोंड फिरवू नका! कॉम्प्युटरच्या खोक्यामागे तुम्ही विजेची वायर खोचता ना, तिथला लोखंडी डबा म्हणजे मी. भिंतीतून येणारी वीज भलती दांडगट असते. तिला वठणीवर आणायचं आणि आतल्या प्रत्येकाला सोसेल तेवढीच वाटून द्यायची, हे माझं काम. काम चोख झालं की माझी कोणाला आठवणसुद्धा येत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. म्हणजे, थोडं वाटतं.

माझा जन्म कारखान्यातला. जाड तांब्याच्या तारांची वेटोळी, वीज साठवून ठेवणारे टपोरे कपॅसिटर, एक शांत पंखा, असा ऐवज माझ्या पोटात भरला. तिथे तपासणीला एक बाई होत्या. त्यांनी माझ्यावर मुद्दाम झेपणार नाही एवढा भार टाकला. मी घाबरून बंद पडलो. वाटलं, आता आपली रवानगी भंगारात. तर त्या म्हणाल्या, "शाब्बास, वेळेवर बंद पडला!" आणि माझ्यावर शिक्का मारला. बंद पडल्याबद्दल शाबासकी मिळालेला दुसरा कोणी मला तरी माहीत नाही.

पुढे मी दुकानाच्या मांडणीवर येऊन बसलो. शेजारी रंगीत दिव्यांचे डबे होते. गिऱ्हाइकं त्यांच्याकडे बघायची, माझ्या अंगावर कोपर टेकायची.

एके दिवशी एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ आले. बाई गाडी चालवायला शिकवायची. भावाचं केस कापायचं दुकान, त्यामुळे त्याला आरसे आणि दिवे यांचा फार सोस.

"ताई, हा बघ ना! निळा, हिरवा, लाल, सगळे रंग आहेत. आणि आठशे वॉट! वर स्वस्त!"

ताईने तो डबा उचलला, हातात जोखला आणि दुकानदाराला विचारलं, "हे आठशे कायम देतो, की क्षणभर देऊन दम टाकतो?"

दुकानदार हसला. "खरं सांगू? ते नुसतं खोक्यावर छापलंय. तुम्हाला काम कसलं करायचंय?"

तेव्हा ताईने सांगितलं. तिचे वडील, आप्पा, फुलांच्या बाजारात लिलाव पुकारायचे. पहाटे त्यांचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. आता घशात गाठ निघाली होती. ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर आवाज राहणार नव्हता. डॉक्टरांनी एक वाट दाखवली होती. आधी आप्पांची भरपूर वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली, तर पुढे ते टाइप करतील ते त्यांच्याच आवाजात ऐकू येईल.

"काम सुरू केलं होतं," ताई म्हणाली, "पण खोक्याबरोबर फुकट आलेला पॉवर सप्लाय मधेच मान टाकतो. परवा सगळ्या दिवसाचं रेकॉर्डिंग गेलं. आणि आप्पांचा घसा दिवसेंदिवस बसत चाललाय हो. गेलेलं पुन्हा तसंच बोलता येत नाही त्यांना."

दुकानदार गंभीर झाला. दोघांनी मिळून हिशेब केला. कॉम्प्युटरच्या कुठल्या भागाला किती वीज लागते ते मांडलं, वर थोडी सैल जागा ठेवली. साडेपाचशे वॉट पुष्कळ झाले, आणि मी नेमका तेवढ्याचाच. मग ताईने माझ्या अंगावरचं लेबल वाचलं. वीज जास्त आली तर काय करतो, आत तार तारेला लागली तर काय करतो, वॉरंटी किती वर्षांची, सगळं विचारलं. कोणीतरी माझं लेबल एवढं नीट वाचतंय म्हटल्यावर मला गहिवरूनच आलं!

"ताई, पण याला एकसुद्धा दिवा नाही," भाऊ कुरकुरला.

"गाडी घेताना तू आधी ब्रेक बघतोस की हॉर्न?"

"हॉर्न!"

"म्हणूनच तुला चालवायला देत नाही," ताई म्हणाली आणि मला काखेत मारून निघाली.

त्या घरातले दिवस माझ्या आयुष्यातले सोन्यासारखे. खिडकीजवळ टेबल, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला टांगलेल्या गोधड्या, आणि माइकसमोर आप्पा. पडद्यावर साधी वाक्यं यायची. 'आज बाहेर ऊन आहे.' 'मला दोन पेरू द्या.' तर आप्पा ठणकावून म्हणायचे, "मला दोन पेरू द्या! दोन! दोन एक वार, दोन दोन वार..."

"आप्पा, लिलाव नाही हो हा!" ताई डोक्याला हात लावायची. "सरळ वाचा. नाहीतर पुढे पाणी मागाल ते पण लिलावात मागाल."

"काय गं पोरी, आयुष्यभर बोललोच असा. आता सरळ कुठून आणू?"

माझ्या पहिल्या दिवसाचं सगळं टाकून द्यावं लागलं. पण ताईने आवाज चढवला नाही. ती शेजारी बसून आधी स्वतः वाक्य म्हणायची, मग आप्पा तिच्यामागून म्हणायचे. गाडी शिकवताना क्लचवर पाय कसा सोडायचा ते सांगावं, तशी ती सांगायची, "हळू... अजून हळू... सोडा." घसा दुखला की आप्पा कोमट पाण्याचा घोट घेत आणि परत माइकसमोर बसत. कंटाळले असतील, भ्यालेही असतील, पण काम टाळलं नाही कधी. असली माणसं बघितली की डब्याच्याही अंगात बळ येतं, खोटं नाही सांगत. मी त्यांना एकदाही दगा दिला नाही.

आणि ताईची आई? ती त्या खोलीत फिरकायचीच नाही. "मला नाही ऐकवत," म्हणायची आणि स्वयंपाकघरात भांडी घासत बसायची, घासलेलीच.

शेवटचं वाक्य झालं तो दिवस मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी आप्पांना दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. ताई सगळं जपून ठेवत होती, दुसरीकडे प्रत काढायचीच बाकी होती. तेवढ्यात बाहेर खांबावर चाललेल्या दुरुस्तीत काय चुकलं कोण जाणे, घरातले दिवे एकदम पांढरेफटक पेटले, छताचा पंखा पिसाटल्यासारखा फिरायला लागला. भिंतीतून वीज नुसती उसळत आली. मला विचार करायला वेळ नव्हता. मी दार लावून घेतलं. माझ्यातलं काहीतरी फट्‌कन जळलं, वास सुटला, आणि कॉम्प्युटर काळा पडला.

"गेलं!" भाऊ ओरडला. "ताई, तुझा भरवशाचा डबा उडाला की गं!"

ताई खाली जमिनीवरच बसली. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

शेवटी भावानेच खोकं उचललं आणि दुकान गाठलं. दुकानदाराने मला बाहेर काढलं, हुंगलं आणि माझ्याच जातीचा नवा डबा आत बसवला. "आधी तुमचं काम बघू. जुना नंतर आणून द्या, वॉरंटीत आहे." बटण दाबलं. पडदा उजळला. एकूण एक वाक्य जागच्या जागी होतं! "याने सगळं अंगावर घेतलं," दुकानदार म्हणाला. "आत काही पोचूच दिलं नाही." भावाने मला दोन्ही हातांनी उचलून घरी आणलं, आणि वाटेत कोणी बघत नाहीसं बघून माझ्यावरची धूळ पुसली.

तेव्हापासून मी फळीवर आहे. दवाखान्याच्या धावपळीत मला परत द्यायचं राहून गेलं. आज भाऊ मला दुकानात परत द्यायला पुठ्ठ्याच्या खोक्यात भरतोय. पुन्हा काही भेट होणार नाही, म्हणून एवढंच मागतो. नवा कॉम्प्युटर घ्याल तेव्हा खुशाल दिवे बघा, रंग बघा, पण माझं लेबलही एकदा वाचा. तुमचं काय काय त्या खोक्यात साठणार आहे, ते तुम्हालाच माहीत.

थांबा, आप्पा टेबलाशी बसलेत. गळ्याला रुमाल आहे. इतके दिवस पाटीवर लिहून दाखवायचे, आई वाचायची आणि मान फिरवायची. ताईने काल रात्री त्यांचा आवाज तयार करून बसवलाय. आप्पा एका बोटाने टाइप करतात.

"अगं ए, चहात साखर का नाही? गळा कापलाय माझा, जीभ नाही कापली!"

स्वयंपाकघरात भांडं पडलं. आई दारात आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती पदराने ते पुसायचंही विसरली होती.

"अहो, हळू बोला ना," ती म्हणाली, "शेजाऱ्यांना ऐकू जातं."

आप्पांनी आवाज आणखी वाढवला.