गाठ मारलेला दोरा

पिल्लं घरात आणायचं ठरलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. आमचे हे टेम्पो चालवतात, अंडी उबवण्याच्या केंद्राचा माल पोचवतात, आणि गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी एक खोका काखोटीला मारून आले. आत नुसता चिवचिवाट. आमची लेक ठकी त्या खोक्यात डोकं घालून बसली, ती जेवायलाही उठेना.

"अहो, या एका खोलीत माझं मशीन, कपाट आणि आपण तिघं. त्यात ही वरात कुठे ठेवू, माझ्या डोक्यावर?"

"पिल्लं आहेत गं, हत्ती नाहीत," हे म्हणाले.

खाली अंथरायला लाकडाचा भुसा आणतो म्हणाले, तर मीच नको म्हटलं. शिंपिणीच्या घरात पिल्लांनी भुशावर झोपायचं? मशीनखाली कापडाच्या कतरणीचा ढीग पडलेला असतो, मऊमऊ, तोच खोक्यात पसरला. आणि ठकीला बजावलं, पिल्लांना काय हात लावायचा तो लाव, पण माझ्या दोऱ्यांना लावलास तर तंगडं मोडीन. रिळं म्हणजे माझा जीव की प्राण. तिने मान डोलावली. ठकीचं काय, मान ती कशालाही डोलावते.

सगळ्यात बारक्या पिल्लाचं नाव तिने बुटका ठेवलं. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे आणि बुटका हातात. माझ्याशी चार शब्द बोलायची नाही ती पोरगी त्या बुटक्याशी तासभर गप्पा मारायची. तो जगायलाच हवा होता. बारकं पिल्लू बरेचदा टिकत नाही असं हे चुकून तिच्यासमोर बोलले, तेव्हा ती दिवसभर बोलली नव्हती.

आज दुपारी मी एका गिऱ्हाइकाच्या लाल फ्रॉकला हातशिलाई घालायला सुईत नवा दोरा ओवला होता. तेवढ्यात फोन वाजला. फ्रॉकवालीच होती, कधी होणार, कधी होणार. तिला कसंबसं वाटेला लावलं आणि वळून पाहते तो ठकी खोक्याजवळ उभी. तोंड पांढरंफटक.

"आई, हे बघ ना."

तिच्या ओंजळीत बुटका होता आणि त्याच्या चोचीतून लाल दोरा लोंबत होता. बुटक्याने आवंढा गिळला. दोरा थोडा आत गेला.

"ओढू नकोस!" मी ओरडले. ठकी दचकली, पण हात हलवला नाही.

मेली माझी कतरण, दुसरं काय! त्यातलाच दोरा अळी समजून गिळला असणार. नुसता दोरा असेल तर अलगद ओढून निघेल असं वाटलं, म्हणून टोक चिमटीत धरलं, आणि हात तिथेच थांबवला. टोकाला गाठ होती.

कतरणीतल्या दोऱ्याला गाठ नसते. काम संपल्यावर तोडून टाकलेल्या दोऱ्यालाही नसते, कारण गाठ कापडात राहते. गाठ मारतात ती सुईत दोरा ओवल्यावर, शिवायला बसताना. म्हणजे या टोकाला गाठ, तर दुसऱ्या टोकाला सुई. आणि ते टोक बुटक्याच्या पोटात होतं.

"माझी सुई कुठाय?"

सुयांच्या उशीत नव्हती. फ्रॉक झटकून पाहिला, त्यात नव्हती. आमच्या घरात सुई हरवली की सापडेपर्यंत कोणी पाऊल उचलायचं नाही. ठकी पाय जुळवून उभी होती आणि मी गुडघ्यांवर बसून एका हाताने फरशी चाचपत होते, दुसऱ्या हातात दोऱ्याचं टोक. फोन वाजला तेव्हा सुई टोचली कुठे, काही केल्या आठवेना.

ह्यांना फोन लावला.

"अगं, ओढून टाक की," हे म्हणाले.

"आणि आत सुई असली तर? नरडं फाटेल त्याचं!"

"मग डॉक्टरकडे ने."

"जनावरांचा दवाखाना आज बंद असतो, माहीत नाही का तुम्हाला?"

"मग थांब, मी येतो."

थांब म्हणे! हे गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. इकडे बुटका मान लांब करून पुन्हा गिळायला लागला. गाठ चोचीशी आली, तशी मी ती नखांत घट्ट धरली. आता त्याचा प्रत्येक आवंढा माझ्या बोटांना जाणवत होता. सोडावं तर आत जाईल, ओढावं तर मरेल. इकडे आड, तिकडे विहीर.

"आई, ओढ."

"गप्प बस."

"ओढ ना. सुई नाहीये त्याला."

"तुला काय गं ठाऊक? तू बघितलंस?"

ती बुटक्याकडे बघायला लागली. बुटक्याचे डोळे मिटायला लागले होते.

"मी बांधला होता," ती पुटपुटली. "त्याच्या पायाला. खूण म्हणून. तुझ्या लाल रिळातला."

"आणि ही गाठ?"

"मीच मारली. मला तेवढीच येते."

खरंच, दुसरी गाठ तिला येणार कुठून? बोट ओलं करायचं, दोरा गुंडाळायचा, अंगठ्याने वळायचं, ही माझीच गाठ, माझं बघून शिकलेली. अशी गाठ कापडात अडकते, पिल्लाच्या पायाला थोडीच धरणार? दोरा सुटला असणार आणि बुटक्याने गिळला असणार.

पण पोरीवर विश्वास कसा ठेवू? कालच दूध प्यायले म्हणाली आणि दूध मोरीत सापडलं. बुटक्याचे हाल बघवत नाहीत म्हणून थाप मारत असली तर? सुई तर अजून सापडलेली नव्हती.

"ठके, खरं सांग. खोटं असेल तर तो तुझ्या हातातच मरेल."

"खरंच सांगतेय." एरवी नजर चुकवणारी पोर टक लावून माझ्याकडे बघत होती.

मी ओढलं. हळूहळू, उसवलेल्या शिवणीतून दोरा काढावा तसं. मध्येच अडकलं. मी ओढायचं थांबवलं. ठकीने बुटक्याची मान बोटाने सरळ केली आणि दोरा पुन्हा यायला लागला, ओला, बुळबुळीत, केवढा तरी लांब. शेवटी सगळा बाहेर आला.

टोक मोकळं होतं.

बुटका शिंकला, अंग झाडलं आणि चिवचिवला. मी कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला, तेव्हा सुई दिसली, दोऱ्यासकट माझ्याच बाहीला टोचलेली. हसू की रडू कळेना. आधी खोक्यातली सगळी कतरण ओरबाडून बाहेर काढली आणि खाली वर्तमानपत्र घातलं.

मग ठकीला विचारलं, "इतका वेळ बोलली का नाहीस गं? मेला असता ना तो!"

तिने बुटक्याला छातीशी धरलं. "तू ओरडशील म्हणून."

"तो मेला असता तरी चाललं असतं?"

ती विचार करत राहिली. खरंच विचार करत होती.

"मी कधी ओरडते गं तुझ्यावर?" मी म्हणाले, आणि ते इतक्या मोठ्याने निघालं की खोक्यातली सगळी पिल्लं एका कोपऱ्यात जाऊन एकमेकांवर चढली. ठकीने बुटक्याला दुसऱ्या हाताने झाकलं आणि एक पाऊल मागे सरकली.