हिरव्या दाराचा मुक्काम

रविवारी जेवणं आटोपली की आमच्या टेबलावर नकाशा पसरतो. खेळ अगदी साधा आहे. आपापली सोंगटी म्हणजे आपला प्रवासी. फासा टाकायचा, पुढे सरकायचं आणि वाटेत काय दिसलं ते सांगायचं. यात कोणी मरत नाही, कोणी जिंकत नाही. फासा चांगला पडला की मुक्काम मिळतो, त्याचं वर्णन करायचं आणि सोबत्यांनी काही विचारलं तर उत्तर द्यायचंच. खेळ मी चालवते. भूगोलाची बाई आहे मी, नकाशा दुसऱ्याच्या हातात गेलेला मला खपत नाही.

त्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा पहिल्यांदाच खेळायला बसला. एरवी तो याला पोरखेळ म्हणायचा. धाकटीच्या दंडावरचे वळ मी पाहिले होते. येत्या बुधवारी तो कामावर गेला की ती घर सोडणार होती, माझ्या नर्स मैत्रिणीकडे जाणार होती, दुसऱ्या शहरात. हे आम्हा दोघींनाच ठाऊक. आमच्या ह्यांना मी मुद्दामच सांगितलं नव्हतं, त्यांच्या पोटात काही राहत नाही.

धाकटीला मुक्काम मिळाला आणि ती रंगली. कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा असा खुललेला पाहत होते, म्हणून मीही बेसावध राहिले. खाली औषधांचं दुकान, ती म्हणाली, बाजूने लोखंडी जिना, वर हिरवं दार आणि गच्चीत कबुतरं. मी घर लगेच ओळखलं. त्या घराचे फोटो मीच तिला दाखवले होते. दिवसरात्र तेच डोळ्यांपुढे, दुसरं सुचणार कुठून?

"छान आहे," तिचा नवरा हळू आवाजात म्हणाला. "कुठलं गाव हे?"

मी घाईघाईने वादळ आणलं, पूल वाहून नेला, पुढच्याची पाळी जाहीर केली.

"अगं, साडूभाऊंनी विचारलंय ना? नियम तुझाच आहे," आमचे हे म्हणाले. मग एकदम हसले. "थांब थांब, हे तर तुझ्या नर्स मैत्रिणीचं घर! त्या कबुतरांनी माझा नवा शर्ट खराब केला होता, आठवतंय?" आणि त्यांनी गावाचं नावही सांगून टाकलं, वर स्टेशनपासून रिक्षा कुठे मिळते तेसुद्धा.

धाकटीचा नवरा मनापासून हसला. कबुतरांबद्दल त्याने आणखी थोडं विचारलं. धाकटी टेबलाची कड घट्ट धरून बसली होती आणि मला इतकी भीती वाटत होती की तिच्याकडे बघवेना.

त्याने आपली सोंगटी उचलली, नकाशावरून सावकाश पलीकडे नेली आणि हिरव्या दाराशी ठेवली.

"पूल तुटलाय," मी म्हणाले.

"असू दे, ताई. मी आधी जाऊन थांबतो," तो म्हणाला. "ती आली की दार मीच उघडेन."

मग त्याने फासा धाकटीच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं एकेक करून मिटली.