खिडकीपाशी होती ती खुर्ची

भाचीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र टेबलावर, चष्म्याच्या घराखाली ठेवलेलं होतं. त्यामुळे चष्मा काढताना आणि ठेवताना ते रोज दिसायचं आणि रोज मी मनात ‘उद्या’ म्हणायचो. तसं पत्र अगदी छोटं होतं. तिनं मागितलंही फारसं काही नव्हतं. एकच प्रश्न विचारला होता.

ही माझ्या बहिणीची धाकटी. लहानपणी तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण जेवायला बसली तरी दोन घासांमध्ये घराला एक फेरी मारून यायची. त्या भिंगरीनं मोठेपणी सिनेमा काढला, आणि तो इतका संथ काढला की घरात कोणाचा विश्वास बसेना. “सगळी धावपळ लहानपणीच उरकून घेतली वाटतं हिनं,” असं माझी बायको नुसतं ऐकूनच म्हणाली.

सिनेमा भुताचा होता. एक बाई भाड्यानं खोली घेते. त्या खोलीत आधी राहणारा म्हातारा वारलेला असतो, पण त्यानं खोली सोडलेली नसते. भूत कुठेच दिसत नाही. मध्यावर एक लांबलचक दृश्य आहे. बाई पलंगावर झोपली आहे, खिडकीपाशी एक लाकडी खुर्ची आहे, बाहेर उजाडतं आहे. कॅमेरा जागचा हलत नाही. बाई कूससुद्धा बदलत नाही. मग ती उठते, खुर्चीवर बसून बूट घालते आणि कामाला जाते. शेवटी ती घरमालकिणीला किल्ली परत देते आणि म्हणते, “खोली छान आहे हो, पण रिकामी नाही.”

वर्तमानपत्रांनी सिनेमाला धारेवर धरलं. एकानं लिहिलं, ‘घड्याळाचा तासकाटा बघायला लोक तिकीट काढत नाहीत.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘भूत प्रकट होण्याआधी प्रेक्षकच अंतर्धान पावतात.’ एकानं मात्र ‘रिक्ततेचं उत्कट व्याकरण’ असं म्हणून भरपूर कौतुक केलं होतं. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं, अर्थ लागला नाही. पण छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला आहे, अशी वाक्यं मी खूप पाहिली आहेत. त्यांत चूक कधीच सापडत नाही. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. शेवट कळत नाही. बाईला काहीच त्रास झालेला नसताना ती खोली का सोडते?

आणि मग भाचीचं पत्र आलं. फोनवर मला ‘हो’ आणि ‘बरं’ यापलीकडे काही बोलता येत नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून पत्र.

‘मामा, वितरक म्हणतात, झोपलेल्या बाईचं दृश्य काप, नाहीतर मागे ढणढण संगीत घाल. निर्णय माझ्यावर सोडलाय, पण मला आता माझाच भरवसा वाटत नाही. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. त्या दृश्यात तुला काय दिसलं तेवढं कळव. मी काही सुचवणार नाही. काहीच दिसलं नसेल तर तसं लिही, मी कापून टाकीन.’

लहानपणी ती स्वतःच्या गोष्टी मला वाचायला द्यायची. मी फक्त समासात पेन्सिलीनं एक बारीकसं प्रश्नचिन्ह काढायचो. ती रागावून निघून जायची आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच वाक्य बदलून आणायची. तिला पुन्हा तेच हवं होतं.

आता माझी अडचण सांगतो. त्या दृश्यात मला दिसलं होतं. खुर्ची सरकत होती! खिडकीपासून पलंगाकडे. आधी ती खिडकीला टेकून होती, मग खोलीच्या मध्यावर आली आणि शेवटी झोपलेल्या बाईच्या उशाशी. माझ्या अंगावर काटा आला होता.

पण मी त्या दृश्यात झोपलो होतो.

सलग नाही. डुलकी लागायची, मान पुढे पडायची, दचकून जागा व्हायचो, पुन्हा डुलकी. तेव्हा खुर्ची खरंच सरकली की मला स्वप्न पडलं, हे कोण सांगणार? ‘दिसली’ म्हणून लिहावं आणि ती जागची हललेलीच नसावी, तर म्हातारा भ्रमिष्ट झाला. ‘नाही दिसली’ म्हणावं तर ती कात्री घेऊन बसणार. आणि खरं काय ते लिहावं, तर ज्याच्या नजरेतून काही सुटत नाही तो मामा तिच्या सिनेमात घोरत होता हे तिला कळणार.

म्हणून आधी अंदाज घ्यावा असं ठरवलं. बागेतल्या बाकावर आम्ही तिघं रोज सकाळी बसतो. एक निवृत्त दंतवैद्य, एक निवृत्त रोखपाल आणि मी. दोघांनीही सिनेमा पाहिला होता, माझ्या आग्रहावरून. त्यामुळे दोघं माझ्यावर खार खाऊन होते.

“तुमच्या भाचीला सांगा, एवढ्या वेळात मी चार दाढा काढल्या असत्या,” दंतवैद्य म्हणाले.

“आणि पेशंट ओरडला तरी असता. इथे तेही नाही,” रोखपाल म्हणाले. “थंडगार हवा मात्र झकास होती हो. घरी अशी झोप येत नाही.”

मी घसा साफ केला. “त्या खोलीच्या दृश्यात... खुर्ची... म्हणजे तुम्हाला काही...”

“कसली खुर्ची?” दंतवैद्य माझ्याकडे वळले. “मी सबंध दृश्य डोळ्यांत तेल घालून पाहिलंय. पापणी लववली नाही. म्हटलं, आता काहीतरी होईल, आता होईल. काही म्हणजे काही झालं नाही.”

“सरकली नाही?”

“खुर्ची?” ते हसायला लागले. “अहो, चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा.”

विषय संपला. ज्यानं पापणी लववली नाही त्याला दिसली नाही, आणि जो झोपला होता त्याला दिसली. न्यायाधीशाची गरजच नव्हती. घरी येऊन मी लिहायला बसलो. ‘प्रकाशयोजना फार सुंदर आहे.’ वाक्य निर्दोष होतं. मी कागद फाडला.

बायकोनं ते पाहिलं. “नणंदबाईंचा फोन आला होता,” ती म्हणाली. “पोरगी नीट जेवत नाहीये म्हणे. पुढच्या आठवड्यात सिनेमा कापायला बसणार. मामाचं काही आलं का, म्हणून रोज विचारते. तुम्ही लिहीत का नाही हो?”

मी सगळं सांगून टाकलं. झोपल्याचंसुद्धा. ती हसेल असं वाटलं होतं, पण तिनं पिशवीत लोकरीचा गुंडा आणि सुया टाकल्या. “चला. दुपारचा खेळ असतो ना? मी तरी कुठे बघितलाय? तेव्हा सर्दीनं बेजार होते. तुम्हाला झोप लागली तर मी बघीन.”

“विणकाम कशाला?”

“संथ आहे म्हणता ना? मग माझा स्वेटर तरी होईल.”

दुपारच्या खेळाला मोजकीच माणसं होती. दृश्य सुरू झालं तसा मी ताठ बसलो. या वेळी झोपायचं नाही. मी खुर्चीवर नजर रोखली. डोळ्यांतून पाणी आलं, पण हटवली नाही. मागून कोणीतरी ओरडलं, “ए, मशीन अडकलं का बघ रे!” कोणी जांभई दिली, त्याची साथ सगळीकडे पसरली. पुढच्या रांगेतला एक जाडा गृहस्थ उठून बाहेर गेला. आणि खुर्ची? खुर्ची ढिम्म. मी बघत राहिलो आणि ती होती तिथेच राहिली. म्हणजे स्वप्नच होतं तर.

शेजारी बायको पडद्याच्या उजेडात टाके मोजत होती. मान खाली, मधूनच वर.

“अहो,” ती कुजबुजली, “ती खुर्ची खिडकीपाशी होती ना?”

“आहे की.”

“कुठे आहे? पलंगाला टेकायला आली.” सुईसकट तिनं माझं मनगट धरलं. “मघाशी टाका चुकला तेव्हा मध्यावर होती. आत्ता बघा. अगंबाई, बघा तरी!”

सुई मला चांगलीच टोचली. मी डोळे मिटले, मनातल्या मनात खिडकी आठवली आणि उघडले. खुर्ची बाईच्या उशाशी होती.

तेवढ्यात तो जाडा गृहस्थ हातात लाह्यांचा पुडा घेऊन परत आला. दोन पावलं टाकून मधल्या वाटेतच थबकला. पडद्याकडे बघत राहिला. “आयला,” असं अगदी हळू म्हणाला आणि स्वतःच्या जागेवर न जाता जवळच्या माणसाशेजारी, चिकटून बसला. पडद्यावरची बाई उठली, त्याच खुर्चीवर बसली आणि बूट घालायला लागली. बायकोनं सुया पिशवीत टाकल्या त्या शेवटपर्यंत बाहेर काढल्या नाहीत. किल्ली परत देण्याच्या दृश्यात ती म्हणाली, “बरं झालं गेली. मी तर सामान तिथेच सोडून पळाले असते.”

शेवट तिला अगदी व्यवस्थित कळला होता.

घरी चालत येताना मला आमचा छापखाना आठवला. टक लावणाऱ्याला तासकाटा सरकताना दिसत नाही, तसंच एकाच ओळीकडे टक लावून बसलं की चूक दिसत नाही. कागद उलटा ठेवावा, पाणी पिऊन यावं, मग ती आपण होऊन वर येते. हे मी नव्या माणसांना शिकवायचो. दंतवैद्यांना हे माहीत नसेल, ठीक आहे. मला आठवायला हवं होतं.

“आता लिहा,” बायको म्हणाली.

“झोपल्याचं लिहू?”

“तेच तर लिहायचंय. नाहीतर कसं कळणार तिला?”

“तिला वाईट वाटेल गं. ती मला काय समजते...”

“मामा समजते. मामा लोक झोपतात.”

मी लिहिलं: ‘भिंगरी, उत्तराला उशीर झाला, कारण मला लाज वाटत होती. तुझ्या त्या दृश्यात मी झोपलो. डुलकीतून जागा झालो की दर वेळी खुर्ची पलंगाच्या अधिक जवळ आलेली असायची. शेवटी ती उशाशी होती. मला वाटलं स्वप्न आहे. आज मामीला घेऊन पुन्हा गेलो. मी जागा राहिलो, टक लावून बघितलं आणि मला काही दिसलं नाही. मामी विणत होती, तिला दिसलं. एकजण लाह्या आणायला गेला होता, त्याला तर फारच दिसलं. तेव्हा दृश्य कापू नकोस. संगीतही घालू नकोस, लोक जागे राहतील. त्यांना कंटाळू दे. कंटाळून माणूस दुसरीकडे बघतो, तेवढ्यात तुझं भूत एक पाऊल पुढे येतं.’

शेवटचं वाक्य मला जरा फुशारकीचं वाटलं. मी पेन्सिलीनं त्याच्यासमोर एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं.

“हे काय?” बायको खांद्यावरून वाचत होती.

“माझ्याच वाक्यावर आहे ते.”

“राहू दे. तुमचंच पत्र आहे हे तरी पटेल तिला.”

मग तिनं पाकीट माझ्या हातात दिलं आणि मला दाराबाहेर काढलं, कारण एकदा का मी टेबलाशी पुन्हा बसलो की पुन्हा फाडणार हे तिला माहीत होतं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी मी थोडा वेळ उभा राहिलो. एक बाई पत्र टाकायला आली, तिला मी वाट दिली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “टाका ना काका, तुमचं आधी.”

आता मागे फिरणं बरं दिसलं नसतं. मी टाकलं. लगेच वाटलं, तिकीट लावलं होतं का? पेटीच्या तोंडात बोटं घालून पाहिली, पण पत्र केव्हाच खाली गेलं होतं.