बंदुकांच्या तिजोरीतली बाटली

डेल्बर्ट मलिन्सने ठरवून टाकलं होतं. सोमवारी हॉस्पिटलात जायचं नाही, मणक्यातल्या गाठीवर किरण घ्यायचे नाहीत. "आता पोटात उतरलाय तो कॅन्सर," एवढंच तो बायकोला, आर्वेलाला, म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस एकदा हट्टाला पेटला की त्याला वळवणं कुणाच्या बापाला जमत नाही.

आर्वेलालाही ते खरंच वाटत होतं. दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्यापासून पाठ जरा शांत होती, पण त्याचं खाणं रोज घटत गेलं आणि पोट फुगत गेलं. एप्रिलचे दिवस, डोंगरात रानकांदे आलेले. तिने ते बटाट्यांबरोबर डुकराच्या चरबीत खरपूस परतले, तरी हा गडी उठला नाही. तेव्हा मात्र ती मागच्या ओट्यावर जाऊन रडली.

शुक्रवारी सकाळी ट्वायला आली. ती घरोघरी फिरणारी नर्स, याच खोऱ्यात वाढलेली. तिने डेल्बर्टचं पोट दाबून पाहिलं, नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सरळ विचारलं, "काका, संडासला शेवटचं कधी झालं?"

डेल्बर्ट खिडकीबाहेर बघू लागला.

"हे काय बायकांसमोर बोलायचं असतं?"

"इथे एक नर्स आहे आणि एक तुमची बायको. बोला लवकर."

"नऊ दिवस झाले."

"नऊ!" आर्वेला ओरडली. "आणि मला सांगितलं नाहीस, गाढवा?"

"सांगून काय झालं असतं? पोट साफ व्हायला रोज वाटीभर गव्हाचा कोंडा खातोय की!"

ट्वायलाने कपाळाला हात लावला. "काका, ती गोळी दुखणं झोपवते तशी आतडीही झोपवते. ती पुढे ढकलणंच सोडतात. सगळं तिथेच बसून सुकतं, त्याचा दगड होतो. त्यावर तुम्ही आणखी कोंडा रचताय! म्हणून तर तिच्या जोडीला पोट चालवणारी गोळी रोज घ्यायची असते. दिली होती ना? हिरव्या झाकणाची बाटली."

आर्वेलाचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला.

सहा वर्षांपूर्वी तिच्या बहिणीचा मुलगा लॉयड असल्याच गोळ्यांच्या नशेपायी गेला. पहिली बाटली त्याने याच घरातून उचलली होती. तेव्हापासून औषधाची पिशवी आली की ती थेट डेल्बर्टच्या बंदुकांच्या तिजोरीत. खोऱ्यातल्या निम्म्या घरांत हीच रीत होती. आर्वेला दुखण्याची गोळी मोजून काढून देई. दुसरी बाटलीही तसलीच नशेची असणार, म्हणून तिला तिने हातच लावला नव्हता.

"मीच मारत होते याला," ती म्हणाली.

"काहीतरीच काय, मावशी! कुलूप बरोबरच आहे. फक्त ते एकाच बाटलीला लाव."

"पण पोटातला कॅन्सर?"

"आतडी चालल्याचा आवाज येतोय मला, बारीक का होईना. माझ्या मते पोटात नऊ दिवसांचा कोंडा आहे."

तिने डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्या सांगण्यावरून खालून औषध दिलं, पोटाच्या गोळ्या सुरू केल्या आणि उद्या परत येते म्हणून गेली.

शनिवारी दुपारी डेल्बर्ट बाथरूममध्ये गेला तो अर्धा तास बाहेरच येईना. आतून कण्हणं, मग शिव्या, मग काहीच नाही. आर्वेला दाराला कान लावून उभी राहिली. देवाचं नाव घ्यायलाही तिला सुचेना. शेवटी पाणी ओतल्याचा आवाज आला.

"आर्वेला!"

"काय रे? पडलास का?"

"रानकांदे उरलेत?"

"कोंबड्यांना घातले."

"मग डोंगरावरून दुसरे आण. आणि सोमवारी किती वाजता बोलावलंय त्या लोकांनी?"

"आठ वाजता," ती म्हणाली.

टोपली घेऊन निघण्याआधी तिने तिजोरी उघडली. हिरव्या झाकणाची बाटली बाहेर काढली आणि जेवणाच्या टेबलावर, मिठाशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. सहा वर्षांत त्या घरात कुठलंच औषध असं उघड्यावर राहिलं नव्हतं.