मधल्या किमतीची मतं

स्वस्त वस्तू घेणारा माणूस तक्रार करत नाही, कारण त्याने अपेक्षाच ठेवलेली नसते. महाग वस्तू घेणाराही करत नाही, कारण आपण फसलो हे तो मेला तरी कबूल करणार नाही. तक्रार करतो तो मधल्या किमतीची वस्तू घेणारा. त्याने चार दुकानं पालथी घातलेली असतात, घरी दोनदा वाद घातलेला असतो, आणि वस्तू आल्यावर रोज सकाळी तो तिच्याकडे संशयाने बघत असतो. टपालबाईंचं हे मत एकोणीस वर्षांच्या अनुभवातून आलेलं होतं आणि ते बदलायचं कारण त्यांना अजून कुणी दिलं नव्हतं.

टपालबाई एका लहानशा कारखान्यात पत्रव्यवहार सांभाळत. तिथे एकच माल नावाजण्यासारखा बनायचा: घरी गाणी ऐकण्यासाठी दोन स्पीकर जोडायचा ॲम्प्लिफायर, मधल्या किमतीचा. चाळीस वॉटचा म्हणून सगळे त्याला चाळिशी म्हणत. प्रत्येक चाळिशीच्या खोक्यात तिकीट लावलेलं एक कार्ड असे, त्यावर यंत्राचा नंबर आणि खाली मतासाठी मोकळी जागा. सहा महिने वापरल्याशिवाय कार्ड भरायचं नाही, अशी शिस्त थोरल्या मालकांनी घालून दिली होती. जावयाबद्दल सासऱ्याला पहिल्या आठवड्यात विचारू नये, असं ते म्हणत.

आलेली कार्डं टपालबाई तीन गठ्ठ्यांत लावत: गोड, आंबट आणि भलतंच. भलतंच या गठ्ठ्यात माणसं शेजाऱ्याबद्दल लिहीत, आपल्या गुडघ्याबद्दल लिहीत. एका गृहस्थाने लिहिलं होतं की चाळिशीच्या उबेवर आमचं मांजर झोपतं, तरी झाकण चार बोटं रुंद करता आलं तर बघावं.

गेल्या दोन तिमाहींत मात्र आंबट गठ्ठा फुगत चालला होता. शुक्रवारी मालकीणबाई, म्हणजे थोरल्या मालकांची मुलगी, स्वतः टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"टपालबाई, सोमवारी आकडे आणा. या खेपेलाही आंबट जास्त निघालं तर चाळिशी बंद. फोनचे चार्जर जोडून द्यायचं काम समोरून चालत आलंय. त्यात कुणाची मतं येत नाहीत."

"चार्जरबद्दल कोण काय लिहिणार," टपालबाई म्हणाल्या. "पण मग आमच्या मास्तरांचं काय?"

मालकीणबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. "चार्जरला कान लागत नाही," त्या हळूच म्हणाल्या आणि गेल्या.

कानमास्तर हे चाळिशीचे परीक्षक, आणि टपालबाईंचे यजमान. काचेच्या खोलीत बसून शेवटची परीक्षा तेच घेत. आधी मोनोचं बटण दाबायचं, म्हणजे दोन्ही स्पीकर एकच आवाज काढतात, आणि गाणारा बरोबर मधोमध उभा आहे की एकीकडे झुकलाय ते कळतं. मग बटण सोडायचं, म्हणजे दोन्हीकडे वेगवेगळी वाद्यं येतात आणि गाणं खोलीभर पसरतं. इतकं झालं की यंत्र खोक्यात. बावीस वर्षं त्यांच्या कानाखालून न गेलेलं एकही यंत्र दरवाज्याबाहेर पडलं नव्हतं. वय एकावन्न. या वयात दुसरीकडे कोण घेणार?

म्हणून शनिवारी टपालबाई कार्डं घरी घेऊन आल्या. एकूण एकशे बारा. गोड अडतीस, आंबट सत्तावन्न, भलतंच सतरा. आकडे पुन्हापुन्हा मोजल्याने बदलत नाहीत हे ठाऊक असूनही त्यांनी तीनदा मोजले. मग आंबट कार्डं नंबरवार लावली आणि त्या थबकल्या.

दोन हजार तीनशे नंबरापर्यंत माणसं सुखी होती. त्यापुढे मात्र सगळे जणू ठरवून नाराज झाले होते. 'आवाज स्वच्छ आहे, पण गाणं किल्लीच्या भोकातून आल्यासारखं वाटतं.' 'दोन स्पीकर घेतले, काम एकाचंच.' एका दंतवैद्याने लिहिलं होतं, 'माझ्या दवाखान्यातले रुग्णसुद्धा यापेक्षा तोंड मोठं उघडतात.' बिघाड कुणाचाच नाही, जळकट वास नाही, खरखर नाही. यंत्र धडधाकट, आणि गाणं आकसलेलं.

भलतंच गठ्ठ्यातलं एक कार्ड त्यांनी सहज उचललं. 'आम्हा सगळ्यांना हा ॲम्प्लिफायर घुसमटलेला वाटतो. पण माझे वडील तो सोडत नाहीत. त्यांचा एक कान गेलेला आहे. ते म्हणतात, किती वर्षांनी गाणं पुरतं ऐकू येतंय, काही सुटत नाही. यावर तुमचं काय म्हणणं?' नंबर दोन हजार चारशे अकरा.

टपालबाईंनी कार्ड खाली ठेवलं. एका कानाच्या माणसाला गाणं पुरतं कधी ऐकू येईल? दोन्ही स्पीकर एकच बोलत असतील तेव्हा. म्हणजे बटण आत राहिलेलं असेल तेव्हा. दाबलं की ते यंत्राच्या पुढच्या पट्टीच्या बरोबरीने बसतं, बोटालाही लागत नाही. आणि माहितीपत्रकात त्याच्याबद्दल दीड ओळ, तीही शेवटच्या पानावर. पण बटण आत ठेवून यंत्र पुढे पाठवणारे कानमास्तर नव्हेत. आणि दोन हजार तीनशे नंबर बनला कधी? मागच्या हिवाळ्यात. मास्तर तापाने आठ दिवस घरी होते आणि नवव्या दिवशी कामावर गेले, त्या आठवड्यात.

रविवारी सकाळी मास्तर शर्टांना इस्त्री करत होते. घरची चाळिशी कपाटाशेजारी वाजत होती. टपालबाई त्यांच्या डाव्या हाताला जाऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुमचे धाकटे बंधू महिनाभर राहायला येतायत. सहकुटुंब."

मास्तरांनी कॉलर उलटवली. हू नाही की चू नाही.

आता उत्तर न देणं ही नवरे मंडळींची जुनी खोड, तो पुरावा म्हणून धरता येत नाही. टपालबाई उजव्या बाजूला आल्या. "चहा घेणार?"

"अर्धा."

त्या कपाटापाशी गेल्या आणि चाळिशीच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मोनोचं बटण आत होतं. घरचं गाणं गेलं वर्षभर फिकं लागतंय याचा दोष त्या स्वतःच्या वयाला देत होत्या. त्यांनी बटण दाबून सोडलं. टक्. गाणं एकदम खिडकीपासून दारापर्यंत पसरलं. गाणारी मधे आली, डावीकडे भिंतीजवळ बासरी उभी राहिली.

"अगं," मास्तर इस्त्री धरून म्हणाले, "ती बासरी लांब का घालवलीस?"

टपालबाईंनी बोट बटणावरच ठेवलं होतं. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बटणाकडे पाहिलं, आणि इस्त्री उभी करून ठेवली.

"तापानंतर गेला," ते म्हणाले. "डावा. वाटलं, येईल परत. डॉक्टर म्हणाले, नाही येणार."

"मला न सांगता डॉक्टर?"

"तुला सांगून काय झालं असतं? तू मोजत बसली असतीस."

"मी मोजलंच. सत्तावन्न आंबट कार्डं झाली." त्या खुर्चीवर बसल्या. "अहो, पण बटण आत ठेवून पुढे का पाठवलीत?"

"सोडलं की मला सगळं गाणं उजवीकडे कललेलं वाटतं. काचेतून सगळे बघत असतात. चेहरा वाकडा झाला तर विचारतील. म्हणून ते सोडायचंच बंद केलं. डावा स्पीकर हाताने तपासायचो. तळवा ठेवला की कळतं, धडधडतोय की नाही. माल एकही खराब गेला नाही, शपथ घेतो. वाटलं होतं, घरी नेऊन लोक बटण सोडतील."

"लोक माहितीपत्रक वाचतील असं वाटलं तुम्हाला? बावीस वर्षं काम करून?"

मास्तरांना हसू आलं. ते कोरडंच होतं, पण आलं. मग ते चाळिशीकडे पाठ करून उभे राहिले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, आणि तसेच थांबले.

"आता आली," ते म्हणाले.

"कोण?"

"बासरी."

सोमवारी मालकीणबाईंच्या खोलीत चौघं होते. त्या स्वतः, टपालबाई, कानमास्तर आणि पॅकिंगची ताई, कारण खोकं बंद करणारा शेवटचा हात तिचा. टपालबाईंनी आकडे सांगितले, दोन हजार तीनशेचा हिशेब सांगितला, बटणाचं सांगितलं. कानाचं सांगितलं नाही. ते ज्याचं त्याने सांगायचं असं घरी ठरलं होतं. पण दारातून आत येताना मास्तरांचा चेहरा बघून त्यांना खात्री राहिली नव्हती.

"म्हणजे यंत्र चांगलं आणि एका बटणापायी आपण बदनाम," मालकीणबाई म्हणाल्या. "पण आत राहिलं कसं? खोक्यात घालताना दाबलं जात असेल. काय गं ताई?"

ताईने जमिनीकडे बघितलं. तिला नोकरीला लागून वर्षच होत होतं. तारखा तिच्या अंगावर चपखल बसत होत्या आणि तिलाही ते कळलं होतं. "असेल," ती पुटपुटली. "मी जपूनच घालते, पण असेल."

वाट इतकी मोकळी झाली होती की कुणीही त्यावरून चालत गेला असता. टपालबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते ढकलल्यासारखं झालं असतं.

"ताईचा काही संबंध नाही," मास्तर म्हणाले. "बटण मी सोडत नव्हतो. माझा डावा कान गेलाय."

मालकीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि वर्षभर तपासत होतात कशाने?"

"हाताने."

"चला, बघू."

त्यांनी जोडणीवाल्याला बोलावून कानात काही सांगितलं. अर्ध्या तासाने काचेच्या खोलीत तीन चाळिशी मांडल्या गेल्या. सगळा कारखाना काही ना काही निमित्त काढून काचेशी गोळा झाला. मास्तरांनी पहिलीला हात लावला, मान हलवली: ठीक. दुसऱ्या यंत्राच्या डाव्या स्पीकरवर तळवा टेकवला आणि लगेच म्हणाले, "डावीकडे जोर कमी. याचा एक सांधा कच्चा आहे." जोडणीवाल्याने मालकीणबाईंकडे बघून डोळे मिचकावले. तिसऱ्या यंत्राला मास्तरांनी हात लावला, पुन्हा लावला, आणि म्हणाले, "ठीक."

"ठीक नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "डावीकडचे वरचे सूर मारलेत. ढोल हाताला लागतो मास्तर, बासरी लागत नाही."

मास्तरांनी हात मागे घेतला. काचेबाहेर कुणी खोकलं.

"उलटं बसवून बघा," टपालबाई म्हणाल्या.

"काय?"

"त्यांना. स्पीकरकडे पाठ करून. उजवा कान डावीकडे येतो. काल घरी जमलं."

मालकीणबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू एखादं भलतंच गठ्ठ्यातलं कार्ड वाचतायत. मग त्या आपल्या खोलीत गेल्या आणि स्वतःची फिरती खुर्ची ढकलत घेऊन आल्या. मास्तर बसले. जोडणीवाल्याने तिन्ही यंत्रांची जागा बदलली. मास्तरांनी समोर तोंड करून ऐकलं, पाय मारून खुर्ची फिरवली, पाठ करून ऐकलं. एकेका यंत्राला दोन फेऱ्या. डोळे मिटलेले. तिसऱ्या फिरकीला ते थांबले.

"हे," ते म्हणाले. "याची बासरी भिंतीआड आहे."

बरोबर होतं. मालकीणबाईंनी पुन्हा जागा बदलायला लावल्या, चार वेळा. चारही वेळा बरोबर. पाचव्या वेळी जोडणीवालाच चुकला, कुठलं यंत्र बिघडवलं ते विसरला; तेही मास्तरांनीच सांगितलं.

"खुर्ची इथेच राहू दे," मालकीणबाई शेवटी म्हणाल्या. "प्रत्येक यंत्र दोनदा ऐकायचं, तोंड करून आणि पाठ करून. आणि ताई, खोकं बंद करायच्या आधी बटण वर आलंय का ते तू बघायचंस आणि सही करायचीस. चार्जरवाल्यांना सांगते, सहा महिने थांबा." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "मास्तर, लपवलंत ते मला आवडलं नाही."

"मलाही नाही आवडलं," मास्तर म्हणाले.

त्याच आठवड्यात टपालबाईंनी दोन हजार तीनशेच्या पुढच्या सगळ्यांना एक ओळीचं पत्र धाडलं: मोनो लिहिलेलं बटण एकदा दाबून सोडा आणि आम्हाला कळवा. सहा महिन्यांची शिस्त यापुरती मोडली. उत्तरं धो धो आली नाहीत. मधल्या किमतीचा माणूस चूक लगेच कळवतो, सुख सावकाश. पण आली. दंतवैद्याने लिहिलं, 'तोंड उघडलं.' आणखी एकाने कबूल केलं की माहितीपत्रक मांजराखाली होतं. महिनाअखेर आंबट गठ्ठ्यातली एकतीस कार्डं गोडात गेली होती.

दोन हजार चारशे अकराच्या घरचं उत्तर लांबलचक होतं. 'बटण सोडल्यावर आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला. वडिलांनी ते परत दाबलं. आता घरात रोज भांडण होतं. बटण आत हवं की बाहेर, हे कारखान्याने एकदा स्पष्ट करावं.'

हे कार्ड कुठल्या गठ्ठ्यात घालावं ते टपालबाईंना ठरवता येईना. त्यांनी उत्तर लिहिलं: 'सकाळी वडिलांचं, संध्याकाळी तुमचं. वडिलांना संध्याकाळीही ऐकायचं असेल तर फिरती खुर्ची घ्या. आमच्याकडे हेच चालू आहे.' मग त्यांनी ते कार्ड गोडात टाकलं.

घरी त्यांनी आपली खुर्ची उचलून मास्तरांच्या उजव्या हाताला आणली. बसल्या, पाय लांब केले, आणि म्हणाल्या, "तुमचे धाकटे बंधू खरंच येतायत हो. महिनाभर. सहकुटुंब."

मास्तर गाणं ऐकत राहिले. हू नाही की चू नाही.

टपालबाई त्यांच्या उजव्या कानाकडे बघत राहिल्या. तो हळूहळू लाल होत होता.