एका थाळीत दोघे

“संपला म्हणजे? आत्ता कुठे दीड वाजतोय!” सोबित-आका दारातच कडाडले.

“पाहुणे, साडेबारालाच कढई खरवडली. पुलाव काय तुमची वाट बघत बसणार?” कढईमागचा जाडा माणूस म्हणाला. हात पुसता पुसता त्याने त्यांना नीट न्याहाळलं आणि त्याचा आवाज जरा खाली आला. “बसा. माझ्यापुरता काढून ठेवलाय. दोघांत खाऊ.”

म्हणजे हाच तो तोलिब. मुलाचा बाप. सोबित-आकांनी आधी त्याच्या पोटाकडे पाहिलं, मग पोटावरच्या तेलकट फडक्याकडे, मग टेबलावरच्या फाटक्या मेणकापडाकडे, आणि त्यांचं मन प्रसन्न झालं. नाकारायला भरपूर होतं.

भूमापन कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या अर्जांत खोट काढली होती. एखादा अर्ज बिनचूक निघाला की त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे. निवृत्तीनंतर अर्ज संपले, तेव्हा शेजारपाजारच्यांवर भागवावं लागलं. आणि आता ओयदीनने, त्यांच्या सत्तावीस वर्षांच्या एकुलत्या एका लेकीने, हे स्थळ पुढे केलं होतं. पुलाववाल्याचा मुलगा, मुहसिन. लोकांचे बिघडलेले फ्रीज दुरुस्त करणारा. रविवारी त्याच्या घरच्या बायका मागणी घालायला येणार होत्या. “बाबा, मी दुसऱ्या कुणाशी लग्न करणार नाही,” ती म्हणाली होती, “पण तुमच्या मनाविरुद्धही करणार नाही. एकदा तिथं जाऊन जेवून या, मग खुशाल नाही म्हणा.” तेव्हा ते ताश्कंदच्या या टोकाला, दोन बस बदलून, नाही म्हणायला आले होते. आपण कोण हे अर्थातच सांगणार नव्हते.

तोलिबने थाळी आणून मधोमध ठेवली. भात, पिवळं गाजर, काबुली चणे, वर मांसाचे तुकडे. दोघांनी आपापल्या बाजूने खात मध्यापर्यंत यायचं. सोबित-आकांनी चमचा उचलला.

“गाजर जाड चिरलंय.”

“चाकू म्हातारा झाला, मीही झालो.”

“तेल फार आहे.”

“तेलाशिवाय पुलाव म्हणजे दवाखान्यातलं जेवण, पाहुणे.”

काय हा माणूस! पलीकडच्या टेबलावरचे ड्रायव्हर थाळीत उरलेलं तेल पावाने पुसून खात होते, आणि हा त्यांच्याकडे कौतुकाने बघत होता. अशा घरात ओयदीन? जुन्या कचेरीतला शिपाई भेटला आणि त्याने विचारलं तर काय सांगायचं? सोबित-आका चवीने खात होते, पण ते त्यांनी स्वतःलासुद्धा कळू दिलं नाही.

“मुलंबाळं?” त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं.

“मुलीचं लग्न झालं. मुलगा फ्रीज दुरुस्त करतो.”

“शिकवलं नाहीत त्याला?”

“शिकवलं की. तो शिकला नाही.” तोलिब गदागदा हसला.

लाजही नाही! सोबित-आकांनी आणखी एक तुकडा उचलला. दुकानातला चहा कोमट होता, भिंतीवरचं कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं. एवढं पुरेसं होतं. घरी जाऊन ते ओयदीनला एकेक करून सांगणार होते.

तोलिबने चमचा खाली ठेवला. “ओयदीनचे बाबा ना तुम्ही?”

सोबित-आकांना ठसका लागला. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“हनुवटीनं. पोरीची अशीच आहे. शिवाय टाय बांधून इथं पुलाव खायला कोण येतंय?” त्याने त्यांच्या चहाच्या वाटीत आणखी चहा ओतला. “मग? पसंत पडलं का घर?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सोबित-आका ताठ बसले. “तोलिब, मी स्पष्ट बोलतो. राग मानू नका. आमच्या घराला एक वळण आहे. असल्या ठिकाणी ते...”

“आहेच ना वळण. ते बघूनच तर आम्ही मागणी घालतोय.” तोलिब जराही चिडला नाही. “कामावरनं, औषधाच्या दुकानातनं, तुमची पोरगी दर गुरुवारी इथं यायची. मुहसिनबरोबर एका थाळीत जेवायची. बोलता बोलता मांस सगळं त्याच्या बाजूला सारायची. त्या गाढवाला पत्ताही लागायचा नाही. मी बायकोला म्हटलं, हे कुणी शिकवून येत नाही. घरात रोज बघितलेलं असतं.”

सोबित-आकांनी थाळीकडे पाहिलं. मांसाचा एकही तुकडा उरला नव्हता. तोलिबने एक तरी तोंडात घातलेला त्यांना आठवेना. तोलिबच्या बाजूला नुसता भात आणि गाजर होतं. त्यांची स्वतःची बाजू तळापर्यंत साफ झाली होती, आणि चमचा कधीच मध्याच्या पलीकडे गेला होता.

“ते तिच्या आईचं वळण,” ते म्हणाले.

मुनव्वरला जाऊन चार वर्षं झाली होती. एकोणतीस वर्षं दोघे एका थाळीत जेवले. मांस कमी घातलंस, तुकडे बारीक केलेस, मीठ कुठंय, हे त्यांनी रोज म्हटलं होतं. तिने मांसाचा तुकडा तोंडात घातलेला एखादा तरी दिवस ते आठवू लागले. एकही सापडला नाही. तिला मांस आवडत नाही असं ते पाहुण्यांना सांगत असत, आणि ती मान हलवत असे. सोबित-आकांना स्वतःची किळस आली.

त्यांनी चमचा थाळीच्या कडेला ठेवला आणि विचारलं, “रविवारी किती जणी येणार?”

“तिघी. बायको, बहीण आणि शेजारीण. शेजारीण फार बोलते, आधीच सांगून ठेवतो.”

“येऊ द्या.”

संध्याकाळी ओयदीनने बटाटे-मांसाची थाळी मधे ठेवली. ती समोर जीव मुठीत धरून बसली होती हे दिसत होतं. कसं सांगावं ते सोबित-आकांना सुचेना. त्यांनी चमच्याच्या टोकाने एक तुकडा तिच्या बाजूला सारला, मग दुसरा. हाताला सवय नव्हती. रस्सा कापडावर सांडला.

ओयदीनचा चेहरा उतरला. “काय झालं बाबा?” ती हळूच म्हणाली. “मांस कच्चं राहिलं का?”